नववा चौकोन

"पाण्यालासुद्धा?" माझ्या पाठीमागे पट्टीताई हसली, आणि मग तिचं पेन कागदावर थांबलं. पेन थांबलेलं ऐकू येतं. उघड्या पाठीने स्टुलावर बसलं की पाठीला कान फुटतात. भिंतीतला गळका नळ, बशीत टाकलेला चिमटा, सोललेल्या चिकटपट्टीची गुंडाळी, आणि आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी लिहिणार असतं त्याच्या आधीची ती क्षणभराची शांतता. आमच्या कंपनीत क्रीम बनतं. नवं क्रीम बाजारात जायच्या आधी कामावरच्याच बारा जणांच्या पाठीवर दहा चौकोनांची पट्टी दोन दिवस चिकटवून ठेवतात, ते काम पट्टीताईचं. पहिल्या आठ चौकोनांत क्रीमचे आठ प्रकार, नवव्यात नुसतं पाणी, दहाव्यात काहीच नाही, कोरं कापड. ज्यांची कातडी पटकन चिडते अशांनाच या बारांत घेतात, आणि नऊ वर्षं त्या यादीत माझं नाव सगळ्यांत वर होतं. "दहावा स्वच्छ आहे," पट्टीताई म्हणाली, "म्हणजे पट्टीचा दोष नाही. पहिले आठही गुलाबी. पण नववा चांगला लाल आहे गं. पाण्याला कोण चिडतं? आता त्या आठांचं मी काय धरू? बाकी अकरा जणांच्या पाठी बघ, कागदासारख्या कोऱ्या." मी म्हटलं, मग तसंच लिहा, नववा लाल. "तसं लिहायला रकाना नाही," ती म्हणाली. शर्टाची बटणं लावता लावता मी वहीत डोकावले. रकाना होता. त्यात तिने लाल पेनाने लिहिलं होतं: अविश्वसनीय. पुढे घेऊ नये.

अविश्वसनीय. मी कंपनीत लेबलं लिहिते. नळीच्या पोटावर, डबीच्या झाकणावर, खोक्याच्या बुडाशी जे शब्द असतात ते माझे असतात, आणि कमी जागेत जास्त सांगण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगत नाही. म्हणून त्या शब्दाकडे मी आधी धंद्याच्या नजरेनेच पाहिलं. लांब आहे. छोट्या नळीवर बसणार नाही. मग जिना उतरताना तो शब्द माझ्या पाठीवर, नेमका नवव्या चौकोनात, चुरचुरायला लागला. उजव्या खांद्याच्या खाली, जिथे स्वतःचा हात वरूनही पोचत नाही आणि खालूनही पोचत नाही. माणसाच्या अंगावर अशी एक जागा का ठेवली असेल, जी दुसऱ्यालाच दिसते आणि आपल्यालाच खाजते? बसमध्ये मी पाठ टेकली नाही. सरळ बसले, परीक्षेला बसल्यासारखी. शेजारची बाई म्हणाली, "टेका की, जागा आहे." मी म्हटलं, नको, पाठीवर निकाल लागलाय. तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

सरळ बसायची सवय जुनी आहे. माझं सगळं बालपण मी अंगातल्या कपड्यापासून थोडं लांब राहून काढलं. आईने एका थंडीत माझ्यासाठी निळा स्वेटर विणला. ती टेलिफोनच्या ऑफिसात आठ तास कानाला यंत्र लावून बसायची, घरी येऊन स्वयंपाक करायची आणि मग दोन तास विणायची, असे तीन महिने. स्वेटर गळ्यात उतरला तेव्हाच मानेला शंभर मुंग्या लागल्या. "टोचतोय," मी म्हटलं. आईने तो हुंगला, गालावर घासून बघितला. "कुठे टोचतोय? दहा जणींना विचारून आणलीय लोकर. उगाच नाटकं करू नकोस." मी सरळ उभी राहिले, म्हणजे लोकर कमीत कमी ठिकाणी लागेल. लोकांना वाटायचं, पोरगी काय ताठ आहे. शाळेच्या फोटोत मी तो स्वेटर घालून उभी आहे आणि माझी मान लालभडक झालेली आहे, पण फोटो काळापांढरा आहे. म्हणजे पुरावा नाही. घरात माझं नाव साय पडलं. "हिची कातडी नाही, साय आहे, फुंकर मारली तरी सुरकुतते," असं आई पाहुण्यांना सांगायची आणि पाहुणे खरंच फुंकर मारून बघायचे. मी खाजवायचे. "खाजवून खरूज काढू नकोस," आई हातावर चापट मारायची, आणि चापटीच्या जागी पाच बोटं उठून अर्धा तास राहायची, मग ती स्वतःच घाबरून ओला रुमाल आणायची. रुमाल धुतलेला असायचा त्या साबणानेही मला खाजायचं. ते मात्र मी सांगितलं नाही. सांगून सांगून माणूस शिकतं, की आपलं सांगणं दुसऱ्याला

आणि इथे वाक्य तुटतं. माझी बरीच वाक्यं इथेच तुटतात, कारण पुढे काय ते मला छत्तिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. मग एक डॉक्टरीणबाई भेटल्या. म्हाताऱ्या, दमलेल्या, चष्मा कपाळावर चढवून तो टेबलावर शोधणाऱ्या. त्यांनी माझा हात दिव्याखाली धरला आणि कुणीही विचारलं नव्हतं ते विचारलं, "कधीपासून?" नुसत्या त्या प्रश्नाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणाल्या, "पुसू नका, टिपा. पुसलं की गाल चिडतील." मग म्हणाल्या, "कातडी म्हणजे भिंत समजा. तुमच्या विटा धड आहेत, मधला चुना कमी पडलाय. आतला ओलावा बाहेर जातो, बाहेरचं नको ते आत शिरतं. रोज चुना भरायचा आणि भिंत खरवडायची नाही, एवढंच." बारा वर्षं मी तो चुना भरतेय. पाणी कोमट, आंघोळ पाच मिनिटांत उरकायची, अंग घासायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच साधं, बिनवासाचं मलम. कपडे दोनदा खळबळायचे. नवं काहीही आलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला, आणि दोन दिवस वाट. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुन्हेगार कधीच सापडत नाही. यासाठी मी वही ठेवते. लोक दैनंदिनीत प्रेमप्रकरणं लिहितात, मी लिहिते: नवा टॉवेल, उजवा गाल, तीन तास. पण त्या वहीने मला एक शिकवलं. माझी कातडी विनाकारण कधी चिडलेली नाही. दर वेळी कारण निघालं. कधी दोन दिवसांनी, कधी दोन वर्षांनी, पण निघालंच. मग पाण्याला का चिडेल?

दुसऱ्या दिवशी मी पट्टीताईकडे पाण्याची बाटली मागितली. "घे बाई, पाणीच आहे," ती म्हणाली, "हवं तर पी." मी प्यायले नाही.

वहीतलं पान. डावं कोपर: घरचं पाणी, उकळून गार केलेलं, कापडाचा चौकोन भिजवून. उजवं कोपर: बाटलीतलं. पट्टी एकच, कापड एकच, वेळ एकच. बदल एकच.
पहिला दिवस: काही नाही. उजवीकडे वाटतंय, पण वाटण्यावर भरवसा ठेवायचा नाही.
दुसरा दिवस:

दुसऱ्या दिवसाचं लिहायच्या आधी मला आईचे पाय दिसले. आई आता शहात्तर वर्षांची आहे आणि माझ्याजवळ राहते. आंघोळीनंतर पाय टिपायचं काम ती स्वतःच करते. ती एरवी गुडघ्यापर्यंतचे मोजे चढवूनच बाहेर येते, पण त्या सकाळी मोजे वाळले नव्हते. दोन्ही नडग्यांवर लाल चट्टे होते, कडेला कोंडा धरलेला, मधे नखांच्या रेघा. "हे कधीपासून?" मी विचारलं, आणि माझ्याच तोंडातून त्या डॉक्टरीणबाई बोलल्यासारखं वाटलं. "काही नाही गं, वय झालं," आई म्हणाली. "काय लावतेस?" "तूच दिलेली ती नळी. तुझ्या कंपनीची." महिन्याभरापूर्वी मी नव्या क्रीमची नमुन्याची नळी घरी आणली होती, म्हातारपणी कातडी कोरडी पडते, तिला बरी म्हणून. त्या वेळी माझ्या स्वतःच्या मलमाची डबी भरलेली होती, म्हणून मी ती लावून पाहिली नव्हती. कोपराच्या आतसुद्धा. बारा वर्षांचा नियम मी स्वतःपुरता पाळला आणि आईला सरळ नळी हातात दिली. "आग होते का लावल्यावर?" आई खिडकीकडे बघत राहिली. "होते थोडी." "मग सांगितलं का नाहीस?" "त्यावर लिहिलंय ना, आग होत नाही म्हणून. तूच लिहिलंयस. मला वाटलं, मीच नाटकं करतेय."

ती अगदी साधेपणाने बोलली. टोमणा नव्हता त्यात. चाळीस वर्षांपूर्वी तिच्या तोंडातून निघालेला शब्द फिरून फिरून तिच्याच पायांना येऊन लागला होता, आणि तो पोचवणारी मी होते. नळीवर माझी ओळ होती:

रंग नाही. वास नाही. आग नाही. काहीही मिसळलेलं नाही.

ही ओळ सुचली तेव्हा मी टेबलावर बोटांनी ताल धरला होता. चार वेळा नाही. साहेब म्हणाले होते, झकास. याच महिन्याच्या शेवटी ती ओळ लाखभर नळ्यांवर छापली जाणार होती. मी आईचे पाय साध्या पाण्याने धुतले, टिपले, माझ्या डबीतलं मलम लावलं. ती म्हणाली, "हे झोंबत नाही," आणि जरा आश्चर्याने स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग मी बाही वर केली.

दुसरा दिवस: डावं कोपर कोरं. उजव्यावर लाल चौकोन, पट्टीने आखल्यासारखा.

टाकीकाका कारखान्याच्या मागे बसतात. तीस वर्षं मोठ्या टाकीचं पाणी सांभाळतात, आणि टाकीवर कधीकाळी त्यांनीच निळ्या रंगात शुद्ध पाणी असं लिहिलेलं आहे. मी विचारलं, काका, पट्टीताईची बाटली कुठून भरतात? "इथूनच की. याच नळाने." आणि या पाण्यात काय असतं? "पाण्यात काय असणार? पाणी." मी गेले नाही. ते कान खाजवत म्हणाले, "आणि ते औषध. पाणी नासू नये म्हणून. आधी क्रीमच्या भांड्यात घालायचे, नीट मिसळायचं नाही, म्हणून सहा महिने झाले, सरळ टाकीतच सोडतो." हे चाचणीच्या खोलीत कुणाला सांगितलंत? "विचारलं कुणी?" काका म्हणाले. ते खरंच होतं. त्यानंतरच्या या पहिल्याच चाचणीत बारा पाठींवर पाणी म्हणून जे चिकटवलं होतं ते पाणी नव्हतं, आणि हे पट्टीताईला ठाऊक नव्हतं, काकांना सांगावंसं वाटलं नव्हतं, फक्त टाकीवरची अक्षरं सगळ्यांनी वाचली होती. लेबल वाचलं की लोक आत बघत नाहीत. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? माझं पोट त्याच्यावरच भरतं.

साहेबांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो, हीच अडचण आहे. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, मी ग्लासाकडे बघितलं तर म्हणाले, "पी, हे बाहेरचं आहे," आणि स्वतःच हसले. "तुझं म्हणणं काय? औषध घालू नये? आठवड्यात बुरशी येईल. बुरशीचं क्रीम लावशील आईला?"

"घालाच. लेबलवर तेवढं लिहू द्या. आणि ती ओळ काढते."

"ती ओळच तर विकायचीय. अगं, हजारात एखादीला होतं असं."

"एक हजारावी तुमच्यासमोर बसलीय साहेब. दुसरी घरी पाय पसरून बसलीय. आणि हे क्रीम आपण त्या हजाराव्यांसाठीच काढतोय ना? बाकीच्यांना आपली गरजच नाही."

"पण तू यादीतून बाद झालेली. वहीत स्पष्ट लिहिलंय. तुझ्या पाठीच्या भरवशावर मी छपाई थांबवू?"

मला वाटलं होतं मी रडेन. पण गालांवर जे चढलं ते रडू नव्हतं. माझे गाल लाल झाले की समोरच्याला वाटतं मी लाजले, किंवा मी खोटं बोलतेय. चाळीस वर्षं मी अशा वेळी खाली मान घालून चेहऱ्यावरची लाली उतरायची वाट बघत आले. त्या दिवशी मी चेहरा तसाच वर ठेवला, दिव्याखाली, तापलेला. "पट्टी तुमचीच घ्या," मी म्हटलं. "दहा बाटल्या. पाचांत टाकीचं पाणी, पाचांत उकळून गार केलेलं. भरतील काका, आकडे टाकतील काका, आणि कशात काय ते लिहून पाकीट तुमच्या खणात. पट्टीताईला ठाऊक नको, मला तर नकोच. दोन दिवसांनी बघा."

"आणि भलतंच निघालं तर?"

"तर ती ओळ छापा. पण लेबलाच्या टेबलावर दुसरं माणूस बघा."

पट्टीताईने पट्टी चिकटवली तेव्हा तिचे हात गार होते. "कशाला गं अंगाला लावून घेतेस एवढं?" ती पुटपुटली. मी म्हटलं, अंगालाच लावायचंय ताई, नीट दाबून लावा.

ते दोन दिवस. खाज ही दुखण्यासारखी नसते. दुखणं एका जागी बसून राहतं, खाज मात्र विचार करते. ती आधी एका चौकोनात आली, मग मी तिच्याकडे लक्ष दिलं तशी शेजारी पसरली, आणि पहिल्या संध्याकाळपर्यंत मला वाटायला लागलं की दहाही चौकोन पेटलेत. दहाही. म्हणजे मग आई खरी, पाहुणे खरे, लाल पेन खरं. म्हणजे मला खरंच कशाचंही होतं, हवेचं, शब्दांचं, भीतीचं, आणि बारा वर्षांची वही म्हणजे एका नाटकी बाईने स्वतःसाठी लिहिलेलं नाटक. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले. एकदा घासलं असतं तर सगळं विस्कटून गेलं असतं, कुणालाच काही कळलं नसतं, हरायचीही वेळ आली नसती. चौकटीचा गार लाकडी काठ पाठीला टेकला होता. आतून आई म्हणाली, "खाजतंय का गं?" या प्रश्नात मला चापट ऐकू आली नाही. मी चौकटीपासून दूर झाले. खाजतंय, म्हटलं. "खाजवू नकोस," आई म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "मीही नाही खाजवत."

पट्टी सोलताना साहेब दारात पाठमोरे उभे राहिले. मला पुन्हा फक्त ऐकू येत होतं. नळ, चिमटा, पट्टीची गुंडाळी. मग काहीच नाही. ते काहीच नाही इतकं लांबलं की मी श्वास मोजायला लागले. "एक," पट्टीताई म्हणाली, "कोरा. दोन, लाल. तीन, लाल. चार कोरा. पाच कोरा. सहा लाल. सात," आणि ती थांबली, "सात फिका आहे." "फिका तर फिका लिहा," मी म्हटलं. "आठ कोरा. नऊ," तिचा आवाज खाली गेला, "नऊ कोरा आहे गं. दहा लाल." साहेबांनी पाकीट फाडलं. काकांचं अक्षर वाचायला त्यांना वेळ लागला, की वाचलेलं पचवायला, कोण जाणे. "दोन, तीन, सहा, सात, दहा," ते म्हणाले. "टाकी." मग घड्याळ बघितलं, खिसे चाचपले, आणि छापखान्याला फोन करायला गेले.

पट्टीताईने वही ओढली, कपाटातून खोडायची पांढरी शाई काढली. "हे बघ, खोडून टाकते." तिचे डोळे भरले होते आणि ती माझ्या पाठीशी बोलत होती. "खोडू नका," मी म्हटलं. "ते तसंच राहू दे. खाली आजची तारीख घाला आणि दहाही चौकोन लिहा." "रकाना पुरणार नाही." "मग रेघ ओलांडून लिहा, ताई."

नव्या ओळीवर साहेबांनी तीनदा काट मारली आणि मी ती तीनदा पुन्हा लिहिली. शेवटी म्हणाले, "असं लिहिलं तर विकायचं काय?" मी म्हटलं, क्रीम विका.

रंग नाही. वास नाही. टिकण्यासाठी औषध घातलेलं आहे. आधी कोपराच्या आत लावा, दोन दिवस थांबा. लाल झालं तर लावू नका. कुणी काही म्हटलं तरी.

शेवटचे चार शब्द साहेबांनी काढले. मी खोक्याच्या बुडाशी, बारीक अक्षरात, परत घातले. तिथे कुणी बघत नाही.

घरी आल्यावर मी शर्ट काढून खिडकीकडे पाठ करून खुर्चीवर बसले, पाठीला वारा लागू दिला. आई डबी घेऊन आली. तिने चौकोनांना हात लावला नाही, वरून बोट फिरवत मोजले, हलक्या आवाजात, दोन, तीन, सहा, आणि प्रत्येक आकड्यापाशी थोडी थांबली. मग झाकण फिरवत म्हणाली, "तो निळा स्वेटर. तो खरंच टोचायचा का गं?"

"टोचायचा, आई."

"लोकर चांगली होती."

"लोकर चांगलीच होती."

ती बराच वेळ झाकणाशी खेळत राहिली. "तरी टोचायचा," ती म्हणाली. तिने ते विचारलं नाही, नुसतं म्हटलं, वहीत नोंद करावी तसं.

मान वळवली तर समोरच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढायला आलेली बाई हातातली उशी तशीच धरून माझ्या पाठीकडे बघत होती. आई पडदा ओढायला उठली. मी म्हटलं, राहू दे. बघू दे तिला. पाच लाल आहेत, पाच कोरे. हवं तर मोजू दे.